कोपराला सोसणारी टेनिस रॅकेट : निवड आणि गटिंग

मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्या, कोपराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या एका लहान उंचवट्यावर येऊन बसतात, आणि या जागेवर वारंवार भार पडून तेथील तंतू झिजू लागले की जे दुखणे सुरू होते त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पूर्वी हे दुखणे म्हणजे साधी सूज असे मानले जात असे. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती तपासल्यावर असे दिसले की जुनाट दुखण्यात सूज फारशी नसते, तर झीज आणि तिची अर्धवट राहिलेली डागडुजी असते. या फरकाला व्यवहारात मोठा अर्थ आहे, कारण वेदनाशामक गोळीने चार दिवस बरे वाटले, पण कंडरेवर पडणारा भार तसाच राहिला, तर दुखणे हमखास परत येते. म्हणून टेनिस सोडायचे नसेल तर भार कोठून येतो हे पाहावे लागते, आणि त्यातला एक मोठा वाटा हातातल्या रॅकेटचा व तिच्यात ओवलेल्या तारांचा असतो.

वाटा मोठा असला तरी तो सगळा नव्हे, हेही आधीच सांगितलेले बरे. 1882 साली हेन्री मॉरिस या ब्रिटिश शल्यवैद्याने ‘लॅन्सेट’मध्ये लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताच्या या दुखण्याचा उल्लेख केला तेव्हा रॅकेटा लाकडाच्या, जड आणि आजच्या मानाने कितीतरी लवचीक होत्या. मराठी वाचकाच्या कानावर ‘टेनिस एल्बो’ हे नाव बहुधा 2004 मध्ये पडले, ते सचिन तेंडुलकर यांच्या कोपरामुळे, आणि तेथे तर रॅकेटचा संबंधच नव्हता. हाताची चुकीची ठेवण, एकदम वाढवलेला सराव, दिवसभर संगणकाच्या माऊसवर वाकलेले मनगट ही कारणे रॅकेट बदलून जात नाहीत. तरीही कारणांच्या या यादीत एका दुपारच्या कामाने आणि थोड्या खर्चाने बदलता येईल अशी गोष्ट एकच असते, ती म्हणजे तारा. आणि नेमके तिकडेच सर्वांत शेवटी लक्ष जाते.

चेंडू तारांना लागून सुटेपर्यंत सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, इतकाच वेळ जातो. तेवढ्या वेळात 56 ते 59.4 ग्रॅम वजनाच्या चेंडूची दिशा उलटवायची असते, आणि त्यासाठी लागणारा जोर चेंडूवर जसा पडतो तसाच उलट दिशेने रॅकेटवर पडतो. रॅकेट त्या धक्क्याने मागे रेटली जाते, वळते आणि कंप पावते, आणि या तिन्ही हालचालींचा काही अंश मुठीतून मनगटाकडे व पुढे कोपराकडे जातो. चेंडू मधोमध, म्हणजे ज्याला खेळाडू ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात त्या भागात लागला तर कंप जवळजवळ उठतच नाहीत. तो वरच्या टोकाकडे किंवा कडेला लागला की हाताला झिणझिण्या येतात आणि रॅकेट मुठीत फिरू पाहते. ती फिरू नये म्हणून मूठ आवळली जाते, आणि मूठ आवळताना मनगट स्थिर धरण्याचे काम त्याच झिजलेल्या कंडरेच्या स्नायूंना करावे लागते. हाताला सोसणारी रॅकेट याचा अर्थ या साखळीत कोठे ना कोठे धक्का कमी करणारी, किंवा तो पसरून जास्त वेळात पोहोचवणारी रॅकेट.

दुकानात गेल्यावर पहिला गैरसमज होतो तो वजनाचा. हात दुखतो असे सांगितले की विक्रेता सहसा हलकी रॅकेट पुढे करतो, आणि उचलून पाहताना ती खरोखरच सुखाची वाटते. पण रॅकेट उचलून पाहणे आणि तिने चेंडू मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलक्या हातोडीने जाड खिळा ठोकताना प्रत्येक ठोक्याला हात झिणझिणतो आणि जड हातोडी मात्र आपल्याच वजनाने काम करून जाते, तसेच येथे घडते. समोरून वेगाने आलेला चेंडू 260 ग्रॅमच्या रॅकेटला जितका मागे ढकलतो तितका 320 ग्रॅमच्या रॅकेटला ढकलू शकत नाही, म्हणून उरलेला धक्का हलक्या रॅकेटमध्ये हाताला सोसावा लागतो. शिवाय हलक्या रॅकेटने चेंडू लांब जावा म्हणून उत्पादक तिची फ्रेम जाड आणि ताठर करतात व वजन टोकाकडे सरकवतात, म्हणजे नवशिक्याच्या आणि दुखऱ्या हाताच्या माणसाच्या माथी नेमके तेच गुण मारले जातात ज्यांपासून त्याने दूर राहायला हवे.

याचा अर्थ जितकी जड तितकी चांगली असाही नाही. रॅकेट इतकी जड झाली की तिसऱ्या सेटमध्ये ती वेळेवर पुढे येईनाशी झाली, तर चेंडू शरीराच्या मागे लागू लागतो, आणि उशिरा मारलेला बॅकहँड कोपराला कोणत्याही ताठर फ्रेमहून अधिक महागात पडतो. म्हणून शेवटच्या गेमपर्यंत वेळेवर फिरवता येईल त्या वजनांपैकी सर्वांत जड वजन हा मापदंड धरावा. क्लबात खेळणाऱ्या प्रौढ खेळाडूसाठी तो बहुधा तारांसह 305 ते 330 ग्रॅमच्या दरम्यान येतो. खांद्याचे दुखणे असलेल्याने आणि वयस्कर खेळाडूने खालच्या टोकाला राहावे. फ्रेमवर किंवा माहितीपत्रकात छापलेले वजन बहुतेक वेळा तारांविना असते आणि तारांचे साधारण 15 ते 18 ग्रॅम त्यात मिळवावे लागतात, शिवाय एकाच नमुन्याच्या दोन रॅकेटांत पाचसहा ग्रॅमचा फरक निघू शकतो, हे ध्यानात ठेवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन स्वतः करून पाहावे.

वजनाइतकेच महत्त्व तोलाला आहे. प्रौढांची रॅकेट साधारण 68.5 सेंटिमीटर लांब असते, तेव्हा तिचा मध्य मुठीच्या टोकापासून सव्वाचौतीस सेंटिमीटरवर येतो. पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून रॅकेट जेथे तोलली जाते तो बिंदू या मध्याच्या मुठीकडे असेल तर तिला ‘हेड लाइट’ आणि टोकाकडे असेल तर ‘हेड हेवी’ म्हणतात. जड पण हेड लाइट रॅकेट, उदाहरणार्थ तारांसह 320 ग्रॅम आणि तोलबिंदू 32 ते 33 सेंटिमीटरवर, ही दुखऱ्या हातासाठी जुनी आणि आजही पटणारी मांडणी आहे, कारण वजन मिळते पण ते हाताजवळ राहते. यालाच जोडून ‘स्विंगवेट’ हा आकडा येतो. रॅकेट फिरवताना ती किती जड वाटते, म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत मुठीजवळच्या अक्षाभोवती तिचे जडत्व आघूर्ण किती, ते हा आकडा सांगतो आणि तो बहुतेक रॅकेटांत 280 ते 340 किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटर इतका असतो. 310 ते 325 हा पट्टा बहुतेकांना मानवतो. हातातली रॅकेट फारच हलकी निघाली तर ती टाकून देण्याआधी शिशाची चिकटपट्टी वापरून पाहावी : फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात तीन आणि नऊ जेथे असतात तेथे, दोन-दोन ग्रॅम लावले की कडेला लागलेल्या चेंडूने रॅकेट मुठीत कमी फिरते, आणि तोल बिघडू नये म्हणून मुठीच्या वर तितकेच वजन गुंडाळता येते.

फ्रेमचा ताठरपणा मोजण्यासाठी ‘आरए’ हे मापन रूढ आहे. यंत्रात फ्रेम ठरावीक भाराने वाकवतात आणि ती किती कमी वाकली त्यावरून आकडा देतात. आजच्या ग्रॅफाइट रॅकेटांत तो साधारण 55 ते 75 च्या दरम्यान असतो. दुखऱ्या हाताने 63 च्या खालची रॅकेट शोधावी आणि 68 च्या वरची सोडून द्यावी. हा आकडा फ्रेमवर छापलेला नसतो, पण रॅकेटांची मोजमापे देणाऱ्या याद्यांत सापडतो. विल्सनची 2019 साली आलेली ‘क्लॅश’ ही मालिका पंचावन्नच्या आसपासच्या आकड्यामुळे गाजली, तर बाबोलातची लोकप्रिय ‘प्युअर ड्राइव्ह’ सत्तरच्या आसपास राहिली आहे. दुसरी वाईट आणि पहिली चांगली असा याचा अर्थ नाही, पण कोपर दुखत असताना त्या दोन्ही सारख्या नाहीत. प्रोकेनेक्सच्या ‘कायनेटिक’ रॅकेटांत फ्रेमच्या पोकळीत बारीक सुटे कण भरलेले असतात आणि ते एकमेकांवर घासून कंप शोषून घेतात. हा उपाय अनेक वर्षे टिकून आहे आणि ज्यांना मिळेल त्यांनी करून पाहण्याजोगा आहे. मात्र खेळांच्या सामानाच्या दुकानांत तारांसह तयार मिळणाऱ्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या रॅकेटा, ज्यांत फ्रेम आणि दांडा हे दोन वेगळे तुकडे जोडलेले असतात, त्या आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याने घेऊ नयेत.

चेहऱ्याचे क्षेत्रफळ, म्हणजे तारांनी व्यापलेला भाग, 98 ते 105 चौरस इंच असावा. मोठ्या चेहऱ्यात तारा लांब असतात, त्यामुळे त्या अधिक दबतात आणि कडेला लागलेला चेंडूही थोडा सांभाळला जातो. 110 च्या पुढे मात्र फ्रेम बहुधा जाड व ताठर होते. 16 उभ्या आणि 19 आडव्या तारांची विरळ वीण 18 गुणिले 20 च्या दाट विणीपेक्षा मऊ लागते.

मुठीच्या जाडीबद्दल जुना समज असा की लहान मूठ म्हणजे हमखास टेनिस एल्बो. प्रयोगांत पाव इंचाच्या फरकाने पुढच्या हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय बदल दिसलेला नाही, त्यामुळे या बाबतीत फार डोकेफोड करू नये. तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे मुठीचा घेर, असे माप घ्यावे. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि अंगठ्याचा उंचवटा यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी बसली तर मूठ बरोबर आहे. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्याने लहान माप घ्यावे, कारण वर ओव्हरग्रिप गुंडाळून घेर वाढवता येतो आणि कमी मात्र करता येत नाही. मुंबई-कोकणच्या घामाच्या हवेत ओव्हरग्रिप वारंवार बदलणे हे जाडीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते, कारण निसटणारी मूठ नकळत आवळली जाते.

आता तारा. भारतातल्या दुकानांत तारा ओवण्याच्या कामाला ‘गटिंग’ म्हणतात आणि कोणत्याही तारेला ‘गट’ म्हटले जाते, म्हणून ‘गट टाका’ एवढे सांगून चालत नाही; तार कोणत्या द्रव्याची, किती जाडीची आणि किती ताणाची हे तिन्ही सांगावे लागते. सर्वांत मऊ तार म्हणजे ‘नॅचरल गट’, जी गाईच्या आतड्याच्या पापुद्र्यापासून तयार होते. तिचा ताण सर्वांत जास्त दिवस टिकतो आणि हाताला तिच्याइतके सुख दुसरे कोणतेही द्रव्य देत नाही. पण ती महाग आहे, ओलाव्याने उलगडते म्हणून पावसाळी हवेत लवकर खराब होते, आणि ती कशापासून बनते हे कळल्यावर अनेकांना ती नको असते. त्यांच्यासाठी नायलॉनच्या शेकडो सूक्ष्म तंतूंना एकत्र बांधून केलेली ‘मल्टिफिलामेंट’ हा खरा पर्याय आहे. एका जाड गाभ्याभोवती तंतू गुंडाळलेले साधे ‘सिंथेटिक गट’ त्याहून थोडे कडक पण स्वस्त असते आणि कमी ताणावर तेही चालते. त्यानंतर ‘पॉलिएस्टर’ येते, जी एकसंध आणि बरीच ताठर तार असते, आणि सर्वांत शेवटी ‘केवलार’, जिच्याकडे दुखऱ्या हाताने पाहूसुद्धा नये.

पॉलिएस्टरवर थोडे थांबायला हवे, कारण क्लबांतल्या कोपरांचे नुकसान तिच्यामुळे फार झालेले दिसते. 1997 साली गुस्तावो कुएर्तेन याने लुक्सिलॉन या बेल्जियन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा वापरून फ्रेंच ओपन जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिस जवळपास तिकडे वळले. या तारेचा फायदा खराच आहे : चेंडू घासला जाताना उभ्या तारा बाजूला सरकतात व झटकन जागेवर येतात, त्यामुळे चेंडूला फिरकी अधिक मिळते. पण तो फायदा उचलण्यासाठी रॅकेट फार वेगाने फिरवावी लागते, आणि व्यावसायिक खेळाडू जवळजवळ प्रत्येक सामन्याला नव्या तारा वापरतो ही गोष्ट मागे पडते. पॉलिएस्टरचा ताण लवकर उतरतो आणि पंधरावीस तासांच्या खेळानंतर तिची उसळीही जाते, म्हणजे ती तुटत नाही पण निर्जीव होते; क्लबातला खेळाडू मात्र ‘अजून तुटली नाही’ म्हणून तीच सहा महिने वापरतो आणि चेंडू जाईनासा झाला म्हणून हाताने अधिक जोर लावतो. नायलॉनची तार ज्याच्या हातून महिन्याभरात तुटत नाही त्याला पॉलिएस्टरची गरज नाही, असा नियम धरायला हरकत नाही. फिरकी सोडवतच नसेल तर ‘हायब्रिड’ करावे, म्हणजे उभ्या आणि आडव्या तारा वेगळ्या द्रव्यांच्या घ्याव्यात. रॉजर फेडरर उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या वापरत असे. रॅकेटच्या स्पर्शावर उभ्या तारांचा प्रभाव जास्त असल्याने दुखऱ्या हाताने हाच क्रम ठेवावा आणि उभी तार मल्टिफिलामेंटची घ्यावी. दुकानदार टिकाऊपणासाठी नेमके उलटे सुचवतो, तेव्हा त्याला नम्रपणे नको म्हणावे.

ताण जितका कमी तितका चेंडू तारांत अधिक खोल रुततो, अधिक वेळ थांबतो आणि धक्क्याचा उंच कळस बोथट होतो. यात जोर कमी होत नाही, उलट थोडा वाढतो, कारण दबलेल्या तारा आपली ऊर्जा जवळजवळ सगळी परत देतात आणि दबलेला चेंडू मात्र पुष्कळशी गमावतो. कमी ताणावर तारा अधिक दबतात आणि चेंडू कमी. जाते ते नियंत्रण, आणि तेही वाटते तितके नव्हे. शंभर चौरस इंचांच्या, 16 गुणिले 19 विणीच्या रॅकेटवर मल्टिफिलामेंटसाठी 50 ते 52 पौंड, म्हणजे सुमारे 23 किलो, येथून सुरुवात करावी आणि दर गटिंगला दोन पौंड उतरवत जावे, चेंडू रेषेबाहेर जाऊ लागला की एक पायरी वर येऊन थांबावे. बहुतेक हात 46 ते 50 च्या दरम्यान स्थिरावतात. पॉलिएस्टर असल्यास नायलॉनपेक्षा दहा टक्के कमी ताण ठेवावा. फ्रेमवर छापलेल्या ताणाच्या वरच्या मर्यादेचा संबंध फ्रेमच्या ताकदीशी असतो. खालच्या मर्यादेपेक्षा दोनचार पौंड उतरल्याने फ्रेमला काही होत नाही. जाडी 1.25 ते 1.30 मिलिमीटर ठेवावी. बारीक तार किंचित मऊ लागते पण लवकर तुटते.

गटिंग कोण आणि कोणत्या यंत्रावर करतो यालाही तितकेच महत्त्व आहे. वजनाच्या दांड्याने ओढणारे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र तार धरून ठेवते तोवर तोच ताण देत राहते. हाताने फिरवायच्या दांडीचे यंत्र मात्र ठरलेला ताण आला की अडकते, तार तेथून सैल होत जाते आणि प्रत्यक्ष ताण पाच ते दहा टक्के कमी भरतो. त्यामुळे एका दुकानातले 52 पौंड दुसऱ्या दुकानात 48 निघू शकतात. उपाय सोपा आहे : एकच माणूस धरावा आणि त्याच्या यंत्रावरच्या आकड्यापासून खालीवर जावे. अनेक दुकानांत बॅडमिंटनच्या रॅकेटा अधिक येतात, तेव्हा टेनिसची फ्रेम यंत्रावर नीट आधार देऊन बसवली जाते का, ते एकदा उभे राहून पाहावे. मधल्या उभ्या तारांपासून सुरुवात करून डावीउजवीकडे आळीपाळीने जावे, एका बाजूच्या तारा दुसऱ्या बाजूच्या फार पुढे जाऊ देऊ नयेत, नाहीतर फ्रेम वेडीवाकडी ताणली जाते. आडव्या तारा टोकाकडून मुठीकडे याव्यात. ज्या रॅकेटमध्ये एका तुकड्यात हे जमत नाही तेथे उभ्या आणि आडव्या तारा दोन वेगळ्या तुकड्यांत घालून घ्याव्यात. आडव्या तारा दोन पौंड कमी ताणाव्यात असे सांगितल्यास जाळी आणखी मऊ लागते. तार ओवताना आधीच ओढून घेण्याची, म्हणजे ‘प्रीस्ट्रेच’ची, पद्धत दुखऱ्या हातासाठी करू नये, कारण त्याने ताण टिकतो पण तार कडक होते. फ्रेमच्या छिद्रांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, म्हणजे ग्रॉमेट, चिरल्या असतील तर त्याच वेळी बदलून घ्याव्यात.

गटिंगची तारीख, तार आणि ताण एका चिकटचिठ्ठीवर लिहून रॅकेटच्या गळ्याला आतून लावावी. आठवड्यात जितके दिवस खेळ तितक्या वेळा वर्षातून गटिंग, हा जुना हिशेब नायलॉनला लागू पडतो, पॉलिएस्टरला नाही. एप्रिल-मे महिन्यांत रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवल्यास उन्हाने तारांचा ताण काही दिवसांत उतरतो. तारांत अडकवायच्या रबरी डँपनरवर मात्र आशा ठेवू नये; तो तारांचा आवाज दाबतो, फ्रेमचा कंप दाबत नाही, आणि कोपराला त्याचा फायदा झाल्याचे दिसलेले नाही.

चेंडूंकडेही याच हिशेबाने पाहावे. भिजलेला चेंडू जड होतो, जुना चेंडू उसळत नाही म्हणून अधिक जोराने मारावा लागतो, आणि दाबाविना बनवलेले सरावाचे चेंडू कडक असतात. दुखण्यानंतर खेळात परतणाऱ्याने आधी फिजिओथेरपिस्टकडून मनगटाने वजन हळूहळू खाली सोडण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत, त्यांनी वेदना वाढत असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि मग मऊ तारा घातलेल्या रॅकेटने हिरव्या ठिपक्याच्या चेंडूंवर सुरुवात करावी. हे चेंडू नेहमीच्या चेंडूंपेक्षा सुमारे 25 टक्के संथ असतात आणि मुलांसाठी म्हणून विकले जातात. पहिल्या पंधरा दिवसांत सर्व्हिस आणि एकहाती बॅकहँड टाळावेत, दोन्ही हातांनी बॅकहँड मारता येत असेल तर तोच ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या उचलताना कोपरात कळ आली नाही तरच पुढच्या वेळी दहा मिनिटे वाढवावीत.